स्कोडा कायलॅक: मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये कशी?

चार मीटरच्या आतली एसयूव्ही शोधताय? मग पुण्याजवळ चाकणला बनणारी ही गाडी यादीत हवीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत होती ७.८९ लाख रुपये.

गाडीप्रेमींना काय आवडलं?
🔹 १.० लिटर टर्बो पेट्रोल, ११५ पीएस. हायवेवर ओव्हरटेक करताना ताकद कमी पडत नाही.
🔹 सर्व मॉडेल्सना सहा एअरबॅग्ज, भारत एनकॅपमध्ये ५ स्टार.
🔹 १८९ मिमी ग्राउंड क्लिअरन्स. पावसाळ्यातल्या खड्ड्यांसाठी मोलाचा.

काय खटकलं?
🔸 मागच्या सीटवर तिघे मोठे बसले की दाटी होते.
🔸 डिझेलचा पर्याय नाही, मागे डिस्क ब्रेकही नाहीत.
🔸 कमी आरपीएमला टर्बो जरा उशिरा जागा होतो, त्यामुळे गर्दीत गिअर सारखे बदलावे लागतात.

माझं मत: ठाण्यात मानपाड्याजवळ घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावी. महिन्यातून दोनदा नाशिक-पुणे करणाऱ्यांना मॅन्युअलमध्ये खरी मजा येईल. सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय, म्हणून जुने दर धरून बसू नका. टेस्ट ड्राइव्ह मात्र संध्याकाळच्या गर्दीतच घ्या, आणि घरच्यांना मागे बसवूनच!