सत्तावीस पॉइंट चार सहा

एका प्रदर्शनात कोकणातल्या वाडीत बसलेल्या म्हातारीचा फोटो पाहिला, आणि त्या फोटोपायी मी मुंबईतल्या बोरा बाझारात जाऊन पोचले. म्हातारीचा चेहरा इतका स्वच्छ की पापणीचा केस न् केस दिसावा. मागच्या झावळ्या आणि त्यातून येणारं ऊन मात्र तिच्याभोवती गोल फिरत होतं, भोवऱ्यात सापडल्यासारखं. मला ती संगणकावरची करामत वाटली. फोटो काढणारा तरुण म्हणाला, ‘नाही, भिंगच तसं आहे. हेलिओस. रशियन. माझ्यापेक्षा वयाने मोठं.’ ते त्याने लावलं होतं सोनीच्या अगदी अलीकडच्या कॅमेऱ्यावर. सोव्हिएत कारखान्यात झेनिट कॅमेऱ्यासाठी बनलेलं भिंग जपानी कॅमेऱ्यावर बसवून कोणी दिलं, हे मी विचारलं आणि त्याने फोर्टातल्या त्या गल्लीतल्या एका लाकडी जिन्याची खूण सांगितली.

जिना चढून गेलं की दाराशीच वास येतो. जुन्या ग्रीसचा. ताज्या ग्रीसला इतका वास नसतो. हा चाळीस वर्षं भिंगाच्या आत कोंडून राहिलेला, जड, थोडा गोडसर वास आहे आणि त्यात लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलचा तिखटपणा मिसळलेला. नंतर मी तिथे अनेकदा गेले. दर वेळी कारण वेगळं सांगितलं, पण खरं ओढणारं कारण बहुधा तो वासच होता.

दुरुस्ती करणाऱ्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणू लागले. साठी ओलांडलेली, बोटं जाड, नखं बारीक कापलेली. फिल्मच्या काळात झेनिट, याशिका, पेंटॅक्सची शटरं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता त्यांच्याकडे येतात ती विशी-तिशीतली मुलं, आजोबांच्या कपाटातली किंवा बाजारातून उचललेली भिंगं घेऊन. प्रश्न एकच असतो: माझ्या कॅमेऱ्यावर बसेल का?

‘बसतं हो ताई,’ काका मला म्हणाले, ‘बसवणं काय, कडी लावली की बसलं. दिसेल का, ते विचारा ना.’

सगळं काम या दिसण्याशी आहे. भिंगाची मागची कडी कॅमेऱ्याला जिथे टेकते, तिथून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं 46.5 मिलिमीटर. कॅननच्या ईएफचं 44. झेनिट, प्राक्टिका आणि जुन्या पेंटॅक्सच्या आट्यांच्या भिंगांचं, म्हणजे एम42 चं, 45.46. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात तो वरखाली व्हायला जागा लागते, म्हणून हे आकडे चाळिशीच्या पुढेमागे घोटाळतात. आरसा गेला तसं अंतरही आटलं. सोनीच्या ई माउंटचं अंतर फक्त 18 मिलिमीटर आहे. 2013 साली सोनीने पूर्ण आकाराच्या सेन्सरचा बिनआरशाचा कॅमेरा काढला आणि जगभरच्या कपाटांत पडून असलेल्या भिंगांना एकदम जागा मिळाली. पंचेचाळीस पॉइंट चार सहामधून अठरा वजा केले की उरतात सत्तावीस पॉइंट चार सहा. तेवढ्या लांबीची पोकळ नळी मध्ये लावली की भिंगाला आपण जुन्याच कॅमेऱ्यावर आहोत असं वाटतं.

हा आकडा काका दिवसातून कितीदा उच्चारत असतील, देव जाणे. गिऱ्हाईक आलं की सत्तावीस पॉइंट चार सहा. व्हर्नियर उचलला की सत्तावीस पॉइंट चार सहा. मी गेले त्या दिवशी टेबलावर एक हेलिओस 44-2 होतं, 58 मिलिमीटर, एफ/2. पुढच्या कडीवर काचेच्या लोलकातून जाणाऱ्या किरणाचं चिन्ह, म्हणजे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचं. क्रमांकाची सुरुवात 81 ने, म्हणजे 1981 सालचं. सोबत गिऱ्हाइकाने आणलेली स्वस्तातली ॲडॅप्टर रिंग, म्हणजे तीच मधली नळी. काकांनी ती चार ठिकाणी मोजली आणि नापसंतीने मान हलवली. सत्तावीस पॉइंट तीन.

मला वाटलं, सोळा शतांश मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं. काका हिशेब कागदावर करत नाहीत, पण मी घरी येऊन केला. नळी एक दशांश मिलिमीटर जास्त लांब झाली, जेमतेम केसाच्या जाडीइतकी, तर 58 मिलिमीटरच्या भिंगातून साधारण तेहेतीस मीटरपलीकडचं काहीच नीट स्पष्ट होत नाही. डोंगर नाही, चंद्र नाही, समोरच्या गल्लीचं टोकही नाही. ही तक्रार येऊ नये म्हणून स्वस्त रिंगा मुद्दाम थोड्या आखूड करतात. मग अनंतावर फोकस होतो, पण फोकसची कडी शेवटाला पोचायच्या आधीच. भिंगावर कोरलेले अंतराचे आकडे खोटे ठरतात, आणि कडी शेवटपर्यंत फिरवली तर सगळं पुन्हा धूसर. ‘पडद्यावर बघून फोकस करायचा, आकडे बघतंय कोण?’ असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या कारागिराने ते आकडे कोरले त्याने ते खरे आहेत म्हणून कोरले होते, आणि ते पुन्हा खरे करता येत असताना खोटे ठेवणं हा आळस आहे.

काकांनी रिंगच्या मागच्या पट्टीचे स्क्रू काढले, पितळेच्या पातळ पत्र्यातून शिम, म्हणजे गोल चकती, कापली, खाली घातली, पट्टी परत बसवली. हे लिहायला एक वाक्य पुरलं. करायला अर्धी दुपार लागली, कारण पहिली शिम जाड निघाली, दुसरी एका बाजूने उचलत होती.

दरम्यान भिंग उघडलं. बाजूचे तीन बारीक ग्रब स्क्रू सैल केले, फोकसची कडी सुटली, आणि तो वास खोलीभर झाला. ग्रीस पिवळट-तपकिरी, गुळाच्या काकवीसारखं चिकट; त्यामुळेच कडी फिरता फिरत नव्हती. आतल्या आट्यांना एकाहून जास्त तोंडं असतात, आणि कुठल्याही तोंडात भिंग आनंदाने फिरतं. बरोबर मात्र एकच. म्हणून दोन नळ्या ज्या क्षणी सुटतात, त्या क्षणी काका श्वास रोखून थांबतात आणि दोन्ही नळ्यांवर सुईने एकच रेघ ओढतात. त्यांच्या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं हेच. बाकी सगळं ते बोलता बोलता करतात. या रेघेपुरते गप्प होतात.

मुंबईच्या पावसाळ्याने भिंगाच्या मधल्या काचेवर बुरशीचं जाळं धरलं होतं. बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाने निघते, पण तिने सोडलेलं आम्ल काचेवरचा लेप खातं आणि तो लेप परत येत नाही. या भिंगावर एक पुसट नक्षी उरलीच. काकांनी ती गिऱ्हाइकाला दाखवायला बाजूला लिहून ठेवली.

झावळ्या गोल का फिरतात, हेही तिथेच उमगलं. हेलिओसची रचना येनाच्या त्साइस कंपनीच्या बायोटार भिंगावरून घेतलेली आहे. मध्यभागी ते सुरेख स्पष्ट. कडेला मात्र त्याचे दोष पुरते आवरलेले नाहीत, आणि तिरक्या येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग भिंगाची नळीच अडवते. त्यामुळे कडेचे प्रकाशबिंदू गोल न राहता डोळ्याच्या आकाराचे होतात आणि केंद्राभोवती रांगेने वळतात. नवी भिंगं हे सगळं निस्तरून टाकतात. म्हातारीचा तो फोटो नव्या भिंगातून तसा आलाच नसता.

शेवटची तपासणी गच्चीवर. कॅमेऱ्यात ‘भिंग नसतानाही शटर चालू दे’ हा पर्याय निवडावा लागतो, आणि हाताचा कंप सावरणाऱ्या यंत्रणेला 58 हा आकडा सांगावा लागतो, कारण भिंग स्वतः काही सांगत नाही. मग काकांनी कडी शेवटाला टेकवली आणि सीएसएमटी स्थानकाच्या घुमटावरच्या प्रगतीच्या पुतळ्याकडे कॅमेरा रोखला. पडद्यावर प्रतिमा मोठी केली. हातातल्या मशालीची कड धारदार. कडीवरची खूण बरोबर अनंताच्या चिन्हावर.

काका भिंग कापत नाहीत. कापायची ती रिंग, हा त्यांचा नियम, आणि तो पाहिल्यावर मीही त्या बाजूची झाले. भिंग घासून, त्याची मागची कडी छिलून दुसऱ्या कॅमेऱ्याला बसवून देणारे आहेत. ते भिंग मग मूळ कॅमेऱ्याला कायमचं मुकतं. कापायचं काय, हा प्रश्न सिनेमातही आलाय. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने 1975 च्या ‘बॅरी लिंडन’साठी नासाकरता बनलेलं त्साइसचं एफ/0.7 भिंग वापरलं, मेणबत्तीच्या उजेडात चित्रण करायला. तशी दहाच बनली होती, तीन त्याने घेतली. भिंगाचा मागचा भाग फिल्मच्या इतका जवळ न्यावा लागणार होता की तंत्रज्ञ एड डिज्युलिओ यांनी मिचेल कॅमेराच आतून कापला, आणि मग त्यावर दुसरं भिंग चालेना. भिंगं दहा होती, कॅमेरे मिळू शकत होते. हा क्रम बरोबरच होता.

एकदा मी असताना एक मुलगा सुपर-टाकुमार 50 मिलिमीटर, एफ/1.4 घेऊन आला. काच चहासारखी पिवळी. त्यातल्या एका काचेत थोरियम असतं, किरणोत्सर्गाने ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. ‘गच्चीत उन्हात ठेव, रोज, काच वर करून. हळूहळू उतरेल,’ काका म्हणाले. पण मुलाचा कॅमेरा होता निकॉनचा, आरशाचा. त्याला लग्नं घ्यायची होती. आतल्या काचेने फोकस जुळवणारी रिंग नको, प्रतिमा बिघडते म्हणे. मागून थोडं घासून द्या.

काकांनी भिंग हातात फिरवून पाहिलं. ‘निकॉनला सेहेचाळीस पॉइंट पाच लागतं, हे पंचेचाळीस पॉइंट चार सहाचं. एक मिलिमीटर आधीच बाहेर राहतंय. रिंग शून्य जाडीची मिळाली तरी आठ फुटांपलीकडे काही दिसणार नाही. आणि घासणार मी नाही.’

‘मग मांडवात वापरू कसं, काका?’

‘मांडव कशाला घेतोस याने? मेंदी घे. मुंडावळ्या घे. हातात हात देतात ते घे. ते सगळं चार फुटांत असतं.’ त्यांनी खणातून बिनकाचेची साधी रिंग काढली, भिंगाच्या बाजूचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर सरकवलं, भिंगाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पाकळ्या उघडमीट करून दाखवल्या आणि फक्त रिंगचे पैसे घेतले.