भिंतीवरची फणी, अंगणातला करंडा



घरातल्या वस्तू आपण रोज हाताळतो, म्हणूनच त्यांच्याकडे फारसे पाहत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी मात्र त्या नीट पाहिल्या होत्या. देवाचे चित्र काढताना त्यांनी शेजारी फणी काढली, पाळणा काढला. कोणत्या वस्तूवर घर उभे आहे, हे त्यांना ठाऊक होते.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार भागातील वारली घरे पाहा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि गेरू. रंग एकच, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा. घरात लग्न निघाले की सुवासिनी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. तिच्या नावातच घट आहे. भरलेला घट म्हणजे भरलेले घर. धान्य, पाणी, पालवी, लेकरेबाळे, सारे त्यात आले. याच चौकात सूर्य-चंद्रांबरोबर साधी फणीही असते. ती नवरीच्या साजाची व सौभाग्याची खूण.

आता घाट चढून देशावर या. चैत्रात अंगण सारवून तुळशीपुढे चैत्रांगण काढतात. गौर महिनाभर माहेरी आलेली असते. म्हणून शंख, कासव, गोपद्मे यांच्या जोडीला फणी, करंडा, आरसा आणि पाळणाही रांगोळीत उतरतो. माहेरवाशिणीला जे जे लागते, ते ते काढायचे. वारली भिंत आणि देशावरचे अंगण यांत केवढे अंतर! पण फणी दोन्हीकडे आहे.

घटाचेही तसेच. नवरात्रात घटाभोवती माती घालून आपण धान्य पेरतो आणि ते कसे उगवते ते पाहतो. संक्रांतीच्या सुगडात हरभरा, बोरे, ऊस, गव्हाच्या लोंब्या भरतो. मातीचे साधे भांडे, पण त्यात हंगाम मावतो.

वारली चित्रकला जगापुढे नेण्यात जिव्या सोमा म्हसे यांचा मोठा वाटा. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. भिंतीवरची कला कागदावर आली आणि कित्येक घरांना तिचा आधार झाला. हे चांगलेच झाले. परंतु पिशवीवर किंवा चादरीवर छापलेले चित्र केवळ नक्षी असते. चौकातली फणी कोणासाठी, हे त्या चादरीला माहीत नसते.

आपल्याकडेही तेच होऊ लागले आहे. दळण गिरणीत जाते, अंगणात फरशी आली, रांगोळीचे तयार छाप बाजारात मिळतात. जाते-उखळ पुन्हा सुरू करा, असे मी सांगणार नाही. त्या कष्टांनी बायकांचे खांदे भरून येत. वस्तू गेली तरी चालेल, तिचा अर्थ जाऊ नये.

एवढे अवश्य करा. येत्या चैत्रात घरातल्या म्हाताऱ्या बाईला अंगणात बसवा आणि नातीच्या हाती रांगोळी द्या. प्रत्येक आकृतीचे नाव व ती का काढायची, हे विचारून एका वहीत उतरवून ठेवा. गावागावांत थोडा फरक निघेल. जे तुमच्या घरचे असेल तेच लिहा. चांगले बियाणे आपण पुढच्या हंगामासाठी राखून ठेवतो, तशीच ही वही राखून ठेवा.