जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा भाव करताना

मे महिन्यातली दुपार. वलगावहून अमरावतीला नोकरीला, कॉलेजला आलेल्यांच्या चार्जिंगच्या गाड्या टिनाच्या शेडखाली उभ्या असतात. बाहेर पारा ४४ अंशांवर, टिनाखाली त्याहून जास्त. चाक फिरत नाही, तरी गाडीच्या बॅटरीचं आयुष्य त्या घटकेलाही खर्ची पडत असतं. जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने हे आधी समजून घ्यायला हवं.

पेट्रोलच्या गाडीचा भाव करताना आपण विचारतो, “किती चालली?” इंजिन धावून झिजतं, म्हणून तो प्रश्न रास्तच. आता तोच बॅटरीला लावून पाहू. वलगाव ते अमरावती अंतर सुमारे १० किलोमीटर. जाणं-येणं आणि शहरातली कामं धरून दिवसाला २५. एका चार्जिंगमध्ये गाडी १०० किलोमीटर चालते असं धरलं, तर चार दिवसांत बॅटरी एकदा पूर्ण रिकामी होऊन भरते. वर्षाला ३०० दिवस धरले तर अशी ७५ आवर्तनं, आठ वर्षांत ६००. चांगली लिथियम बॅटरी साधारण हजार आवर्तनं सोसते, लोह-फॉस्फेटची म्हणजे एलएफपी बॅटरी दोन हजारांच्या पुढे जाते. या रस्त्यावर बॅटरी निव्वळ धावून थकणार नाही.

तिला थकवतात ते ऊन आणि काळ. बॅटरीतल्या ग्राफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर बसतो. तो संरक्षक असतो, पण वाढत राहतो आणि वीज वाहून नेणारं लिथियम त्यात कायमचं अडकतं. विहिरीत गाळ साचावा तसं हे आहे: काठ तोच दिसतो, पाणी मात्र कमी मावतं. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यात बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल, तर थर आणखी झपाट्याने वाढतो.

म्हणून वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तीन सवयी मोलाच्या ठरतात. गाडी निंबाच्या सावलीत लावावी. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला न लावता तासभर निवू द्यावी. रोजचं काम भागत असेल तर ८० टक्क्यांवर थांबावं. एलएफपी बॅटरी मात्र कंपनीच्या सूचनेनुसार अधूनमधून पूर्ण भरावी, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकू लागतो.

जुनी गाडी घेताना हा गाळ मोजायचा कसा? घरगुती उपाय सबमीटरचा. समजा, नवी असताना बॅटरी ३ युनिटची होती. २० टक्क्यांपासून १०० पर्यंत भरायला तिला २.४ युनिट लागतात. चार्जरमधली घट धरून सबमीटरवर सुमारे २.७ दिसतील. तिथे २.१ च दिसले, तर क्षमता ७८ टक्क्यांच्या आसपास उरली आहे. गाडी नुसती सरळ रस्त्यावर फिरवून हे कळत नाही. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवालही मागावा.

मग कागद. वॉरंटी किती उरली आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे लेखी घ्यावं. काही कंपन्या आठ वर्षांपर्यंत वॉरंटी देतात, पण त्यात किलोमीटरची मर्यादाही असते. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या, २५० वॅटच्या आतल्या गाड्यांना नोंदणी लागत नाही. त्यांच्याकडे एमएच-२७ ची पाटी आणि आरसी नसते, म्हणून मूळ बिल हाच आधार. बॅटरी नवी टाकलेली असेल तर तिचंही बिल पाहावं.

दोन गाड्या सारख्याच चाललेल्या असतील, पण एक चार उन्हाळे सावलीत आणि दुसरी टिनाखाली उभी राहिली असेल, तर त्यांची किंमत सारखी नाही. सावलीत गाडी लावणाऱ्याने सबमीटरचा आकडा गिऱ्हाइकासमोर ठेवावा आणि चार पैसे जास्त मागावेत. तो हक्क त्याने कमावलेला आहे.