दोन बादल्या पाण्यातली परसबाग

संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला, आता रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची गडबड चालेल. सकाळी अजून थंडी आहे. परसात मेथी-पालक हिरवीगार आहे, वालाला शेंगा लटकल्या आहेत. असं भरलेलं परस पाहिलं की वाटतं, आता यात करायचं काय उरलंय? पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्या ताटात घरची भाजी येणार की नाही, ते याच पंधरा-वीस दिवसांत ठरतं. आणि ते ठरतं पाण्यावर.

मृग नक्षत्र लागतं ७ जूनच्या सुमारास. म्हणजे अजून चार महिने, सव्वाशे दिवस. पाऊस लांबला तर त्याहून जास्त. आपल्या जिल्ह्यात कित्येक गावांत उन्हाळ्यात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि हंडे भरणारी बाई तीच परसात पाणी घालणारीही असते. म्हणून माझा नियम सरळ आहे. झाडांसाठी वेगळा हंडा आणायचा नाही. घरातलं वापरून झालेलं पाणी जेवढं, तेवढीच बाग.

ते पाणी किती, ते मोजून बघा. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, माठ विसळलेलं पाणी चार दिवस एका बादलीत जमवा. आणि हो, नळ आला की कालचं पाणी शिळं झालं म्हणून आपण ओतून देतो, तेही त्यात धरा. पाण्याला शिळेपण येत नाही हो, झाकून ठेवलं असेल तर ते पिण्यालाही चालतं. पण ओतायचंच असेल तर गटारात नको, बादलीत ओता. पाच माणसांच्या घरात दिवसाला दोन बादल्या, म्हणजे तीसेक लिटर पाणी सहज निघतं. न्हाणीचं साबणाचं पाणी यात मोजू नका. ते पालेभाजीला घालायचं नाही. न्हाणीच्या तोंडाशी एक खड्डा करून त्यात गोटे आणि वाळू भरा, आणि पलीकडे केळ किंवा कर्दळ लावा. त्यांना ते चालतं.

आता या दोन बादल्यांत काय जगेल? भर उन्हाळ्यात एका वाढलेल्या वेलाला रोज पाच-सात लिटर लागतं, असा माझा अंदाज आहे. म्हणजे चार वेल, फार तर पाच. इथेच आपलं चुकतं. बियाण्याची पाकिटं स्वस्त मिळतात, मग आपण भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं, भोपळा, सगळंच लावतो. मार्चपर्यंत सगळं हिरवं दिसतं, एप्रिलमध्ये सगळंच सुकतं. त्यापेक्षा एक दोडका, एक कारलं, एक छोटा वाफा गवारीचा आणि दारचा कढीपत्ता, एवढंच धरा. गवार कमी पाण्यावर तग धरते. भेंडी घरात सगळ्यांना आवडते, पण ती पाणी मागते. लावायची तर दहा-बारा झाडं, जास्त नाही. दोडका-कारल्याचं बी टणक असतं, ते रात्रभर भिजवून मगच टोचा.

पेरणीची वेळ मात्र सगळ्या जिल्ह्याला एक नाही. घाटावर, म्हणजे बुलडाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या बाजूला थंडी जरा रेंगाळते. तिथे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बी टाकलं तरी चालेल. घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-खामगावकडे ऊन लवकर चढतं, तिथे आताच उरका. मेथी आणि सांबाराचा शेवटचा वाफाही आताच टाकायचा. मार्चच्या उन्हात सांबार नीट उगवत नाही, उगवला तरी लगेच फुलावर येतो.

पूर्णाकाठच्या मैत्रिणींची अडचण वेगळी आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातला बराच पट्टा खारपाणाचा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं, आणि तेच घालत राहिलं की उन्हाळ्यात वाफ्यावर पांढरा थर धरतो. तिथे घेवडा, गाजर, कांदा यांच्या मागे लागू नका, त्यांना खार सोसत नाही. पालक बऱ्यापैकी सोसतो. स्वयंपाकाला गोडं पाणी वापरत असाल तर डाळ-तांदळाचं धुवण तुमच्यासाठी फार मोलाचं आहे. ते आधी वेलांना द्या. खारं पाणी घालावंच लागलं तर पानांवर न शिंपडता बुडाशी घाला, आणि वाफ्यात कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. कुजलेलंच. ताजं शेण टाकलं की हुमणी आणि वाळवी मागोमाग येते.

पाणी वाचवायचं सगळ्यात सोपं साधन या दिवसांत शेतात फुकट पडलेलं असतं. सोयाबीनचं कुटार, हरभऱ्याचं कुटार. त्याचा चार बोटं जाड थर आळ्यात पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. खालची माती ओलसर राहते, एक दिवसाआड पाणी दिलं तरी भागतं. दुसरा उपाय मडक्याचा. गळकं, जुनं मडकं टाकू नका. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घाला आणि दोन वेलांच्या मध्ये मडकं गळ्यापर्यंत पुरा. वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतील. भरलं की पाणी हळूहळू मुळाशी पाझरतं. लग्नाला दोन दिवस परगावी गेलात तरी वेल सुकत नाही.

मांडवाला तुराटी वापरा. पऱ्हाटी मात्र घराजवळ रचून ठेवू नका. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर जाते.

आभाळ आलं की वालावर मावा पडतो. काळी, चिकट शेंडी दिसली की ती खुडून टाका. जास्त असेल तर निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या घरात नसतील तर यंदा मे-जूनमध्ये लिंबाखाली पडतील तेव्हा वेचून, वाळवून ठेवा.

आता बियाण्याचं. वालाच्या चांगल्या शेंगा, वांग्यातलं निरोगी झाडावरचं एक फळ, हे खायचं नाही. आजच दोरा बांधून ठेवा, म्हणजे सुनेच्या किंवा सासूबाईंच्या हाती चुकून खुडलं जाणार नाही. वांगं झाडावरच पिवळं होऊ द्या. वाल वेलावरच वाळू द्या. टमाट्याचं बी गरासकट एक-दोन दिवस वाटीत आंबवा, मग धुऊन सावलीत वाळवा. सगळं बी राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हे फक्त गावरान बियाण्याला लागू. पाकिटातल्या हायब्रिडचं बी धरलं तर पुढची झाडं आईवर जात नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी बचत गटाच्या बायकांबरोबर असंच गावरान बी जमवलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे नि चाळण्या वाटतो. त्याऐवजी घरच्या दोडक्याच्या दहा बिया कागदात बांधून वाण म्हणून द्या. बियाण्यालाही आपण वाणच म्हणतो ना!

जाता जाता मोगरा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याचं पाणी आता दोन-तीन आठवडे तोडा. पानं पिवळी पडली तरी घाबरू नका. मग फांद्या निम्म्यावर छाटा, उरलेली पानं काढा, बुडाशी दोन ओंजळी शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. छाटल्याशिवाय नवी फूट येत नाही, आणि कळ्या येतात त्या नव्या फुटीवरच.