ग्राहकाचा करार सहीपूर्वी कसा वाचावा?

नवी दिल्ली : द्वारकेत राहून गुरुग्राममधील एखाद्या कंपनीचे काम मध्यस्थाविना, थेट स्वीकारणाऱ्या संगणक अभियंत्याच्या, आरेखनकाराच्या किंवा अनुवादकाच्या हाती सर्वप्रथम येतो तो कंपनीच्या विधी विभागाने तयार केलेला करार. ‘हा आमचा ठरलेला नमुना आहे’ असे सांगून तो सहीसाठी पाठवला जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र सही होईपर्यंत तो केवळ प्रस्ताव असतो आणि त्यातील प्रत्येक अटीवर वाटाघाटी करता येतात. कोणत्या अटीवर अडून बसायचे आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवण्यासाठी कायदा आधीच काय देतो हे ठाऊक असावे लागते.

पहिला प्रश्न अर्थातच पैशांचा. ‘बिल मिळाल्यापासून ९० दिवसांत’ ही अट अनेक करारांत आढळते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांपेक्षा अधिक लांबवता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. सेवा पुरवणारा एकटा व्यावसायिकही ‘उद्यम’ नोंदणी करून या संरक्षणात येऊ शकतो. नोंदणी ऑनलाइन व विनाशुल्क आहे. ती करारापूर्वी झालेली असावी. करारानंतर नोंदणी करून आधीच्या व्यवहारासाठी हा लाभ मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात म्हटले होते.

येथे एक बारकावा आहे. मुदत मोजली जाते ती काम स्वीकारल्याच्या दिवसापासून. काम सुपूर्द केल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर सुपूर्द केल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. त्यामुळे ‘ग्राहकाचे समाधान झाल्यानंतर स्वीकृती’ असे शब्द दिसल्यास तेथे थांबून निकष आणि दिवस लिहून घेणे हिताचे. ग्राहकाच्या लेखा विभागाला आणखी एक गोष्ट लवकर पटते : सूक्ष्म वा लघु उद्योगाला मुदतीत न दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते.

‘करार संपल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याचे काम करणार नाही’ ही अट वाचून अनेक जण धास्तावतात. याबाबतचा महत्त्वाचा निकाल श्रीरामपूरच्या एका क्रिकेटपटूमुळे आला आहे. झहीर खान यांचा पर्सेप्ट डी’मार्क कंपनीशी तीन वर्षांचा करार २००३ मध्ये संपला. त्यानंतरही दुसऱ्याचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी तो या कंपनीपुढे ठेवावा, अशी अट त्यात होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला. खंडपीठाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २७ नुसार करारोत्तर बंधन निरर्थक ठरते आणि हे तत्त्व केवळ नोकरीच्या करारांपुरते नाही, असा त्याचा आशय होता. म्हणून या अटीवर वाटाघाटीचे बळ फारसे खर्च करू नये. करार चालू असतानाचे बंधन आणि गोपनीयतेची अट मात्र साधारणतः लागू होते. ती काळजीपूर्वक वाचावी.

कामाच्या मालकीबाबत परिस्थिती व्यावसायिकाच्या बाजूची आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा प्रथम स्वामी मालक असतो. स्वतंत्र व्यावसायिकाच्या लेखनाचा वा संगणक-आज्ञावलीचा प्रथम स्वामी तो स्वतः. मोबदला घेऊन काढलेली छायाचित्रे व चित्रपट यांना अपवाद आहे. हक्क हस्तांतरित करायचे तर सहीचा लेखी दस्तऐवज लागतो. त्यात कालावधी नमूद नसल्यास तो पाच वर्षांचा आणि प्रदेश नमूद नसल्यास भारतापुरता मानला जातो. ग्राहक सर्व हक्क मागणारच. ‘संपूर्ण मोबदला मिळाल्यानंतर हस्तांतरण’ एवढे शब्द त्यात घालून घेता आले, तर थकलेल्या बिलासाठी तेच सर्वांत मोठे तारण ठरते.

नुकसानभरपाईची जबाबदारी अमर्याद असल्यास ती मिळालेल्या मोबदल्याइतकी मर्यादित करून मागावी.

उरते ती शेवटच्या पानावरची, सहसा न वाचलेली अट : वाद कोठे चालणार? द्वारकेच्या सेक्टर १० मध्ये जिल्हा न्यायालय असले तरी करारात ‘केवळ गुरुग्राम न्यायालय’ लिहिले असेल आणि त्या न्यायालयाला मुळात अधिकार असेल, तर राज्याची सीमा ओलांडावी लागते. लवादाची नेमणूक ग्राहक कंपनीचाच अधिकारी एकतर्फी करणार असेल, तर ती अट टिकत नाही. पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. थकबाकीपुरता आणखी एक मार्ग आहे. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला आपण जेथे आहोत तेथील सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, ग्राहक भारतात कोठेही असो. द्वारकेतील व्यावसायिकासाठी ती परिषद दिल्लीची. परदेशी ग्राहकाबाबत हे संरक्षण व्यवहारात उपयोगी पडत नाही. तेथे आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याने देयके हाच आधार.