खडीचा रस्ता आणि बधिर करंगळी

इटलीतील कियांती भागात द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमधून पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. ते टिकावेत या हेतूने १९९७ मध्ये गायोले गावातून ‘लेरोइका’ ही सायकलफेरी सुरू झाली. या रस्त्यांवर वाहनांचा त्रास कमी, पण तळहातांची परीक्षा मोठी. उतारावर हँडल घट्ट धरले, की खडीचे हादरे आणि शरीराचा भार तळहातातील अल्नर मज्जातंतूवर येतो. करंगळी व अनामिकेला मुंग्या येतात, बोटांतला जोर कमी होतो आणि नेमका ब्रेक दाबायच्या वेळी हात दगा देतो. उपाय साधे आहेत: रुंद टायर, त्यात थोडी कमी हवा, गादीचे हातमोजे आणि वरचेवर पकड बदलणे. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा.