नवा कॅमेरा, जुने सॉफ्टवेअर: रॉ फाइल उघडायची कशी?

नव्या कॅमेऱ्याचे कार्ड संगणकाला लावावे, फोल्डरमध्ये फोटोंची चिमुकली चित्रे नीट दिसावीत आणि लाइटरूमने मात्र ‘ही फाइल ओळखता येत नाही’ म्हणून हात वर करावेत, हा प्रकार अनेकांच्या वाट्याला येतो. पहिला संशय कार्डावर जातो, दुसरा कॅमेऱ्यावर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. छोटी चित्रे दिसतात ती प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेल्या तयार जेपेगमुळे. मूळ नोंद वाचायची वेळ आली की जुने सॉफ्टवेअर अडते.

कुठली आवृत्ती कुठे थांबली

आपल्याकडच्या स्टुडिओंत अजून दिसणारी अडोबी कंपनीची दोन नावे घेऊ. फोटोशॉप सीएस६ आले २०१२ मध्ये. रॉ फाइल वाचण्याचे काम त्याच्यासाठी ‘कॅमेरा रॉ’ हे जोडसॉफ्टवेअर करते आणि सीएस६ साठी त्याची शेवटची आवृत्ती ९.१.१, म्हणजे २०१५ ची. लाइटरूम ६ हे एकदा पैसे मोजून कायमचे वापरता येणारे शेवटचे लाइटरूम. ते एप्रिल २०१५ मध्ये आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये ६.१४ वर थांबले. त्यानंतर अडोबीची नवी भर फक्त वर्गणीदारांना मिळते.

रॉ फाइलमध्ये असते काय

सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा, असा एकच रंग मोजला जातो. ही जाळी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी सत्तरच्या दशकात सुचवली. रॉ फाइल म्हणजे त्या मोजमापांचे कच्चे आकडे. त्यांचे चित्र करायला सॉफ्टवेअरला जाळीची मांडणी, काळ्या रंगाची पातळी, ठिपका भरून वाहतो ती मर्यादा आणि त्या सेन्सरचे रंग खऱ्या रंगांशी जुळवण्याचे गणित लागते. बराचसा तपशील प्रत्येक मॉडेलचा वेगळा. कंपन्या तो सहसा छापून देत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरवाले कॅमेरा हाती आल्यावर मोजमाप करतात आणि आपल्या यादीत त्याचे नाव घालतात. डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने १९९७ पासून ‘डीसीरॉ’ नावाची छोटी आज्ञावली लिहीत एकट्याने शेकडो कॅमेऱ्यांची अशी उकल केली. आजच्या बऱ्याच मोफत साधनांचा पाया तिथे आहे.

अडथळे तीन प्रकारचे

पहिला अडथळा नुसत्या नावाचा. सोनीचा ए७आर थ्री लाइटरूम ६.१४ मध्ये उघडतो. त्या कॅमेऱ्याच्या घोषणेनंतर जेमतेम चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झालेला आणि लग्नाच्या फोटोग्राफरांनी डोक्यावर घेतलेला ए७ थ्री मात्र उघडत नाही. दोघांच्याही फाइली एआरडब्ल्यू, बांधणी जवळपास तीच. पण ए७ थ्रीच्या फाइलीत मॉडेल म्हणून ‘आयएलसीई-७एम३’ लिहिलेले असते आणि जुन्या यादीत हे नाव नाही.

दुसरा अडथळा डब्याचा. कॅननने २०१८ मध्ये ईओएस एम५० पासून सीआर२ सोडून सीआर३ आणले. सीआर२ ची रचना टिफच्या घराण्यातली, तर सीआर३ ची एमपी४ व्हिडिओच्या. फाइलनावाच्या शेपटातला ३ पुसून २ केला म्हणून काही होत नाही, तरी तो प्रयोग लोक करतात.

तिसरा अडथळा दाबण्याच्या पद्धतीचा आणि तो सर्वांत फसवा. निकॉनच्या फाइलीचे शेपूट आजही एनईएफच आहे. पण २०२१ च्या झेड९ पासून त्यात ‘हाय एफिशिअन्सी’ नावाचा नवा पर्याय आला. जुने सॉफ्टवेअर तर सोडाच, मुक्तस्रोत साधनांनाही अशा फाइली वर्षानुवर्षे उघडता आल्या नाहीत. उपाय कॅमेऱ्यातच आहे: मेनूत ‘लॉसलेस कॉम्प्रेशन’ निवडा. फाइल मोठी होईल, पण उघडण्याची शक्यता वाढेल.

डीएनजीचा मार्ग

अडोबीने सप्टेंबर २००४ मध्ये डीएनजी हा खुला साचा जाहीर केला. वर सांगितलेली सगळी माहिती, जाळी, पातळ्या, रंगांचे गणित, डीएनजी फाइल स्वतःबरोबर घेऊन फिरते. म्हणून सॉफ्टवेअरने त्या कॅमेऱ्याचे नाव कधी ऐकले नसले तरी चित्र तयार होते. लायका आणि पेंटॅक्सचे अनेक कॅमेरे थेट डीएनजी लिहितात. बाकीच्यांसाठी अडोबीचा ‘डीएनजी कन्व्हर्टर’ आहे, फुकट. गंमत पाहा: जी कंपनी लाइटरूम ६ ला ए७ थ्रीची ओळख करून देत नाही, तीच ओळख ती या कन्व्हर्टरमध्ये मोफत घालते. म्हणजे अडचण फक्त तंत्राची नव्हती, वर्गणी खपवण्याचीही होती. धंदा म्हणून ते समजू शकते, पण ग्राहकाने ते ओळखून असावे.

वापरताना लोक दोन जागी ठेचकाळतात. कन्व्हर्टर एकेक फाइल निवडू देत नाही, पूर्ण फोल्डर दाखवावे लागते. आत शिरल्यावर फाइली दिसल्या नाहीत की ‘चालत नाही’ म्हणून अनेकजण तिथेच सोडून देतात. दुसरी जागा प्रेफरन्सेसमधली कम्पॅटिबिलिटी. तिथे काही न बदलल्यास अलीकडच्या आवृत्तीसाठी डीएनजी बनते आणि जुने सॉफ्टवेअर पुन्हा नकार देऊ शकते. सीएस६ किंवा लाइटरूम ६ साठी ‘कॅमेरा रॉ ७.१ आणि पुढे’ ही पातळी निवडावी. २०२३ च्या डीएनजी १.७ मध्ये जेपेग एक्सएल नावाची नवी दाबणी आली आहे, तिच्या वाटेला जाऊ नये.

कन्व्हर्टरची ताजी आवृत्ती जुन्या विंडोजवर बसत नाही. मग रूपांतर दुसऱ्या संगणकावर करून फाइली आणाव्यात. आणि डीएनजी झाली म्हणून मूळ रॉ पुसू नये. कॅनन किंवा निकॉनचे स्वतःचे सॉफ्टवेअर अशी डीएनजी घेत नाही, त्यामुळे उद्या परत जायचे म्हटले तर रस्ता उरत नाही.

बाकीचे पर्याय

कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ, सोनीचे इमेजिंग एज, ही कंपन्यांची साधने मोफत मिळतात. रंग कॅमेऱ्यात दिसतात तसेच हवे असतील तर ती उत्तम, शेकडो फोटोंच्या कामाला मात्र संथ. त्यांतून १६ बिट टिफ काढून जुन्या फोटोशॉपमध्ये न्यावी. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोची न दाबलेली टिफ सुमारे १४४ एमबी होते, तेव्हा निवडक फोटोंनाच हा मान द्यावा. त्याऐवजी काढलेल्या ८ बिट जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात, १४ बिट रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. हळदीच्या पिवळ्यावर पिवळ्या छटा जपायच्या तर हा फरक दिसतो.

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत, मुक्त साधने विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतात. डार्कटेबलला सीआर३ वाचता यायला डिसेंबर २०२१ उजाडला, पण ते शिकले आणि पैसे न घेता शिकले. हात बसायला वेळ लागतो. तरी जुन्या सॉफ्टवेअरला वर्षानुवर्षे टेकू देत बसण्यापेक्षा तो वेळ इथे घालवणे मला शहाणपणाचे वाटते.

एक्झिफटूल वापरून फाइलीतले मॉडेलचे नाव बदलण्याची युक्तीही सांगितली जाते. सेन्सर हुबेहूब तोच असेल तर ती कधी कधी चालते. नसेल तर कातडीचा रंग बिघडतो, कडा चुकतात. करायचेच तर प्रतीवर करा. गिऱ्हाइकाच्या कामावर अजिबात नको.

कॅमेरा घेण्याआधी

दुकानात गेल्यावर विक्रेत्याकडून त्याच मॉडेलची एक रॉ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या आणि घरच्या संगणकावर उघडून पाहा. उघडली नाही तर आधी कन्व्हर्टर लावून बघा, आणि मगच सॉफ्टवेअरचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत धरायचा की नाही ते ठरवा. पहिले मोठे काम घ्यायच्या आत एवढे नक्की उरका.